चौथ्या पाइपचा चेंडू

मी एक जुना टेनिसचा चेंडू आहे. माझी लव झडली आहे आणि एका गालावर कुत्र्याच्या दातांच्या खुणा आहेत. मित्रांनो, एवढं ऐकून मला कचऱ्यात टाकू नका. ऑस्ट्रेलियातल्या एका डोंगरउतारावर, निलगिरीच्या झाडांखाली नोरीनआजींचं पत्र्याचं घर आहे. तिथल्या चौथ्या पाइपला माझ्यावाचून चालत नाही.

त्या घराच्या छपराला चारही बाजूंनी पन्हळी आहेत आणि पन्हळीतलं पाणी खाली आणणारे चार पाइप. वणव्याच्या दिवसांत आजी त्या पाइपांच्या तोंडात एकेक चेंडू दाबून बसवतात आणि नळीने पन्हळी काठोकाठ भरतात. मग उडत आलेल्या ठिणग्या पाण्यात पडतात आणि विझतात. चौथ्या पाइपचं तोंड शिडी आपटून चेपलं आहे. नवा गुबगुबीत चेंडू तिथे बसतच नाही. मी झिजलेला, म्हणून मी बसतो. आजींनी माझ्यावर शाईने चारचा आकडा काढला तेव्हा मला इतका अभिमान वाटला की विचारू नका.

आमची पेटी मागच्या दाराशी असते. तिच्यात लोकरी घोंगड्या, बॅटरीचा रेडिओ, जाड हातमोजे आणि आम्ही चौघे. दर डिसेंबरला, म्हणजे तिथला उन्हाळा लागला की, आजी रंगीत तालीम घेतात. त्यांचा मुलगा ग्लेन शहरातून नाताळाला आला की हसतो.

"आई, छपरावर टेनिसची मॅच लावलीस का?"

"हस तू. पण हसता हसता पन्हळीतला पाला काढ."

"उद्या काढतो गं."

गेल्या नाताळाला जेवणं झाली आणि अंगणात क्रिकेट सुरू झालं. कुत्र्याने खेळायचा चेंडू कुठे तरी नेऊन पुरला. ग्लेनने सरळ पेटी उघडली. "एकच घेतो, लगेच ठेवतो," असं म्हणून त्याने मलाच उचललं. माझा जीव खालीवर झाला, पण चेंडूचं ऐकतो कोण?

त्याने असा काही तडाखा दिला की मी स्वयंपाकघराच्या छपरावर गेलो आणि घरंगळत पन्हळीत, वाळक्या पाल्यात पडलो. त्यांच्या अंगणाचा नियम असा, की छपरावर चेंडू गेला तर सहा धावा आणि फलंदाज बाद. ग्लेनची लेक टेस ओरडली, "बाबा, आउट!" ग्लेन म्हणाला, "वाऱ्याने गेला, मोजायचं नाही." भांडण रंगलं, आईस्क्रीम आलं आणि मी वरच राहिलो.

दुसऱ्या दिवशी वारा उत्तरेकडून सुटला, तापलेल्या तव्यावरून आल्यासारखा. रेडिओ सांगत होता, वणवा डोंगरापलीकडे आहे. ग्लेनची बायको टेसला घेऊन सकाळीच गावात गेली. आजींचा बेत ठरलेला होता: पन्हळी भरायच्या आणि बाराच्या आत घर सोडायचं. कारण पुलाकडचा रस्ता एकदा बंद झाला की दुसरी वाट नाही.

पेटी उघडल्याचा आवाज आला.

"ग्लेन, चार नंबर कुठाय?"

"पडला असेल खाली कुठे तरी. शोधतो."

तो कुंपण, झुडपं, कुत्र्याचं घर धुंडाळत राहिला. मी पाइपच्या तोंडापासून हातभर लांब, पाल्याखाली गाडलेला होतो आणि मला इंचभरही सरकता येत नव्हतं. आकाश पिवळं पडलं. आजींनी चिंधी कोंबून पाहिली, ती पाण्याबरोबर खाली गेली. शेवटी ग्लेनने टेसला फोन लावला.

"बाबा, तुम्ही आउट झालात ना त्याच्यावर? मग तो छपरावरच असणार. आजीला म्हणावं, लवकर ये."

ग्लेन शिडी चढला. त्याने मुठी भरभरून पाला खाली फेकला. त्याने मला दाबून बसवलं, पाणी चढलं आणि ते दोघे निघाले. साडेबारा वाजून गेले होते.

मित्रांनो, ती दुपार मी कधी विसरणार नाही. ठिणग्या पडत होत्या, चर्र आवाज करून विझत होत्या. लाकडांची खोप जळाली. मी पाणी धरून बसलो होतो, पण माझं चित्त त्या पुलावर होतं. घर वाचवून मी काय करणार होतो, ते दोघे पोचलेच नसते तर?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिडी वाजली. ग्लेनने मला उपटून काढलं; माझा चारचा आकडा पाण्याने पुसट झाला होता. खाली आजी उभ्या होत्या, जळक्या खोपीची राख उपसून काजळीने माखलेल्या, पण धडधाकट.

"आम्ही पूल ओलांडल्यावर दहा मिनिटांनी तो बंद झाला," ग्लेन म्हणाला. "माझ्यामुळे अर्धा तास गेला, आई."

"चाळीस मिनिटं," आजी म्हणाल्या आणि शाई आणायला आत गेल्या.

म्हणून सांगतो, सुट्टीत भरपूर खेळा, भांडा, हसा. फक्त अडीअडचणीसाठी ठेवलेल्या वस्तूला खेळायला नेऊ नका आणि आजचा पाला उद्यावर टाकू नका. यंदा ग्लेनने खेळायला वेगळा चेंडू आणला आहे. तरी रोज सकाळी तो आमची पेटी उघडतो आणि बोट ठेवून मोजतो, एक, दोन, तीन. माझ्यावर त्याचं बोट जरा जास्त वेळ थांबतं.