प्रेस्टनच्या उत्सवातले मग

गुणवंत तांबे यांच्या मीरा रोडच्या घरात काचेचं एक कपाट होतं. त्यात सगळ्या वस्तू इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहराच्या. तिथे दर वीस वर्षांनी गिल्ड नावाचा फार जुना उत्सव होतो. त्याच्या आठवणीसाठी निघालेले मग, बशा, बिल्ले तांबे जमवत. काही जहाजावरच्या मित्रांनी आणून दिले, काही भंगारवाल्यांकडे सापडले. आनंदीबाई ते पुसून ठेवायच्या, पण एवढी हौस का, ते त्यांनाही नवरा नीट सांगत नसे.

२००६ साली जवळच्याच नया नगरची हिना बहिणीकडे प्रेस्टनला निघाली. आनंदीबाईंचे ब्लाउज तीच शिवायची.

"चाचा, वहाँ से क्या लाऊँ?"

तेव्हा तांबे पहिल्यांदा बोलले. बहात्तर साली ते खलाशी होते. प्रेस्टनच्या गोदीत पाय मोडला आणि जहाज त्यांना इस्पितळात ठेवून निघून गेलं. इंग्रजी धड येत नव्हतं, ओळखीचं कोणी नव्हतं. बाहेर गिल्डची मिरवणूक चालली होती. डोरिस नावाच्या नर्सने सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, रस्त्यावर नेलं, मिरवणूक दाखवली. परतताना एक मग विकत घेऊन हातात दिला.

"जमलं तर तिला भेट," तांबे म्हणाले. "आभार मानायचे राहिलेत. तेव्हा शब्दच नव्हते माझ्याकडे."

त्यांनी आडनाव आणि गल्ली सांगितली. आनंदीबाईंनी आमसुलं बांधून दिली.

महिन्याभराने हिना परत आली. जुन्या शेजाऱ्यांनी तिला डोरिसच्या मुलीचं घर दाखवलं होतं. म्हातारी तिथेच राहत होती. हिना जरा अडखळली.

"चाचा, उनको आप याद नहीं हैं. बोलली, त्या वर्षी असे खूप पोरं बाहेर नेले होते. पण आमसुलं ठेवून घेतली. पाय आता दुखतो का, ते दोनदा विचारलं."

 आनंदीबाई नवऱ्याकडे बघत होत्या. तांबे हसले, आणि डोळे पुसले.

"म्हणजे ती सगळ्यांशीच तशी वागत होती," ते म्हणाले. "मला वाटायचं, माझंच नशीब."

त्यांनी हिनासाठी खुर्ची ओढली.

"बस, बेटी. आता पहिल्यापासून सांग. दार कोणी उघडलं?"