रेडिओची न बोलण्याची परीक्षा

चष्मेवाल्याच्या मुलीला सगळी गल्ली रेडिओ म्हणायची. तिच्या जिभेला हाड नव्हतंच, पण ब्रेकही नव्हता. बाबांच्या दुकानात गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचायला बसलं, की ही बया मागून उत्तरं सांगायची. एका निवृत्त पोस्टमनला तिने शेवटची बारीक ओळसुद्धा इतक्या प्रेमाने सुचवली, की बाबांनी त्याची नजर उत्तम ठरवून टाकली. तो बिचारा दाराबाहेर पडला आणि पायरी समजून झोपलेल्या कुत्र्यावर उतरला.

"तू कॉलेजात जा," बाबा म्हणाले. "शिकशील न शिकशील, दुकानाबाहेर तरी राहशील."

कॉलेजात 'नेतृत्व आणि वक्तृत्व' असा विषय दिसल्यावर रेडिओला आकाश ठेंगणं झालं. "हा तर फुकटचा पेपर! यात नापास झाले तर नाव बदलेन," ती आईला म्हणाली.

"कुठलं? रेडिओ?" आईने विचारलं.

शिकवणाऱ्या मॅडम इतक्या हळू बोलायच्या, की ऐकण्यासाठी वर्गाला गप्प बसावंच लागे. पहिल्या दिवशी प्रत्येकाने स्वतःविषयी थोडं बोलायचं होतं. रेडिओ उठली ती घंटा झाल्यावरच बसली. मग ती टाळ्यांची वाट पाहू लागली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या आधी तुझ्या शेजारचा मुलगा बोलला. काय म्हणाला तो?"

रेडिओने शेजारी पाहिलं. उंच, किडकिडीत, मान खाली घातलेला तो मुलगा पुढे वर्गात खांब म्हणून ओळखला जाऊ लागला. तो बोलत होता तेव्हा ती मनातल्या मनात स्वतःच्या भाषणाची उजळणी करत होती.

सत्राच्या शेवटी प्रात्यक्षिक होतं. कॉलेजची अभ्यासिका संध्याकाळी फार लवकर बंद व्हायची. प्राचार्यांना भेटून ती उशिरापर्यंत उघडी ठेवून घ्यायची, हे काम मॅडमनी रेडिओच्या गटाला दिलं. गटात खांब होता आणि कशालाही नाही न म्हणणारा होयबा होता.

"नेता तू," मॅडम रेडिओला म्हणाल्या. "फक्त प्राचार्यांच्या खोलीत तू एक शब्दही बोलायचा नाही. बोललीस की गुण गेले."

"मॅडम, म्हणजे माशाला पोहू नकोस म्हणण्यासारखं झालं!"

"थोडा वेळ काठावरून बघ."

मग रेडिओने झकास भाषण लिहिलं आणि खांबाकडून पोपटासारखं पाठ करून घेतलं. भेटीच्या दिवशी स्वतःवर भरवसा नको म्हणून तिने एक भलीमोठी चिकट टॉफी तोंडात कोंबली. मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीत वही घेऊन बसल्या.

"आदरणीय सर," खांबाने सुरुवात केली. "ज्ञानाचा दिवा... ज्ञानाचा दिवा..."

दिवा तिथेच विझला. पुढचं वाक्य रेडिओच्या ओठावर नाचत होतं. तिने तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण टॉफीने वरचे दात खालच्या दातांशी कायमचे जोडले होते. "म्म्म!" एवढाच आवाज निघाला.

"या मुलीचा दात दुखतोय का?" प्राचार्यांनी विचारलं.

"होय सर," होयबा म्हणाला.

पाठ केलेलं सगळं सोडून खांब आपल्या मनाने बोलू लागला. "सर, आमचं घर म्हणजे एकच खोली. तिथे भावंडं भांडतात, टीव्ही चालू असतो. म्हणून अभ्यासिका बंद झाली की मी बसस्टॉपच्या दिव्याखाली वाचत बसतो. पण मला बघून प्रत्येक बस थांबते. मी चढत नाही, मग ड्रायव्हर शिव्या घालतो. आता तर काही जण लांबूनच शिव्या द्यायला सुरुवात करतात."

प्राचार्य खो खो हसले. मग चष्मा काढून पुसत बसले.

"दिवे मालवायला माझा माणूस थांबेल," ते शेवटी म्हणाले. "पण खुर्च्या लावून, झाडून घेणं त्याचं काम नाही. ते तुम्ही कराल?"

"होय सर," होयबा म्हणाला.

अशा रीतीने अभ्यासिकेला दोन तास वाढवून मिळाले आणि तिघांच्या गळ्यात झाडू पडला. मॅडमनी रेडिओला चांगले गुण दिले. त्या 'म्म्म'चा फक्त अर्धा कापला.

बाहेर आल्यावर टॉफी कशीबशी सुटली. रेडिओ खांबावर उखडली. "अरे, बसस्टॉपचं मला आधी का नाही सांगितलंस? मी भाषणात घातलं असतं! सत्रभर मी तुला विचारतेय, कुठे अभ्यास करतोस म्हणून!"

"विचारायचीस," खांब म्हणाला. "पण मी तोंड उघडेपर्यंत तुझा पुढचा प्रश्न यायचा."

हे रेडिओला मॅडमनी कापलेल्या अर्ध्या गुणापेक्षा जास्त लागलं.

पहिल्याच संध्याकाळी तिघं अभ्यासिकेत खुर्च्या रचू लागली. होयबा झाडत होता. खांबाला कंठ फुटला होता. कुठल्या नंबरच्या बसचा ड्रायव्हर काय म्हणतो, कोणाची शिवी कशी, हे तो रंगून सांगत होता. रेडिओला याहून भारी किस्से ठाऊक होते. एक तर अगदी जिभेच्या टोकावर आला.

तिने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावर बसली.

"मग?" ती म्हणाली. "तू काय म्हणालास त्याला?"