मांडीवरचा अर्धा फोटो

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर अर्धाच. माझा वरचा भाग आता माझ्याजवळ नाही. तो कसा गेला, ते तेवढं ऐकून घ्या.

माझा जन्म कोरेगावच्या आठवडी बाजारातला. चांगुणाबाई तेव्हा जेमतेम वीस वर्षांच्या. सव्वा वर्षाची लेक, पुतळा, त्यांच्या मांडीवर. फोटोवाला ओरडून ओरडून दमला, "बाई, इकडं काचंत बघा!" पण पुतळा आईच्या तोंडाकडे बघत होती आणि आई पुतळाकडे. शेवटी वैतागून त्याने तशीच कळ दाबली. माझ्या पाठीवर खालच्या कडेला त्याने शाईने लिहिलं, 'चि. पुतळा. सोबत आई.' मान लेकीचा होता, आई नुसती सोबतीला.

दोन महिन्यांनी गावात गोवर आला. पुतळा गेली, मी राहिलो.

पुढे चांगुणाबाईंचे मालक हौसेराव वाशीच्या मार्केटात माथाडी झाले आणि बिऱ्हाड कोपरखैरण्याला आलं. मी ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत. वर्षातून एकदा, घरात कुणी नसताना, चांगुणाबाई मला बाहेर काढत, पदराने पुसत आणि परत ठेवत. माझं काम एवढंच. पण ते मी एकोणतीस वर्षं नीट केलं, मित्रांनो. ना डाग, ना वाळवी.

मग एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल आलं. चांगुणाबाईंचा मुलगा रणजीत, पुतळाच्या मागून झालेला, बेलापूरच्या ऑफिसात कॉम्प्युटर शिकला होता. त्याने घरी जुना कॉम्प्युटर आणला, मित्राचा स्कॅनर मागून आणला आणि घराण्याची वंशावळ करायला घेतली. सगळ्यांचे फोटो एकसारखे हवेत, हा त्याचा हट्ट. पुठ्ठ्याला त्याने एक चौकोनी खिडकी पाडली. केसांपासून गळ्यापर्यंत जेवढं खिडकीत दिसेल, तेवढं ठेवायचं.

"अहो, आधी स्कॅन करा आणि मग कॉम्प्युटरवर कापा ना," त्याची बायको उत्कर्षा म्हणाली.

"एकेक करत बसलो तर दिवाळी येईल. कापले की काचेवर एका वेळी बारा बसतात. तू टेन्शन नको घेऊस."

आईचा फोटो मागायला तो आत गेला. चांगुणाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी ट्रंकेची किल्ली दिली आणि म्हणाल्या, "जपून रं, एकच हाय."

त्यांना म्हणायचं होतं, पुतळाचा एकच आहे. रणजीत समजला, आईचा एकच आहे. म्हणून तर त्याने मला सगळ्यात जपून कापलं! पट्टी दोनदा लावली, नवं पातं घेतलं. चेहरा घेतला आणि मला रद्दीत टाकलं. उलटून मात्र एकदाही बघितलं नाही.

सत्यनारायणाला सगळे जमले, तेव्हा वंशावळ छापून भिंतीवर लागली होती. एका मापाचे चेहरे, सगळ्यांचे डोळे समोर. एकट्या चांगुणाबाईंची नजर खाली. त्यांच्या खालच्या चौकटीत होती उत्कर्षा.

"काय वहिनी!" धाकटे दीर वामनराव हसले. "फोटोतसुद्धा सुनेवर नजर?"

सगळं घर हसलं. उत्कर्षाही हसली. चांगुणाबाई हसल्या नाहीत.

"पुतळा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आई, ती लहानपणीच गेली ना. तिच्यापुढे फांदीच नाही," रणजीत म्हणाला.

त्याच्या नावाखाली एक चौकट कोरी होती. चांगुणाबाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. "आन ही कुणाची?"

"ती... आमच्या होणाऱ्या बाळाची."

"जे आलंच न्हाई त्याला जागा. आन जी येऊन गेली तिला न्हाई व्हय रं?"

उत्कर्षा उठली, रद्दी उपसली आणि मला शोधून सासूच्या हातात दिलं. चांगुणाबाईंनी ताटातल्या भाताची चार शितं घेतली आणि मला भिंतीवर, आपल्या चेहऱ्याखाली चिकटवलं. दोन दिवस आम्ही एकमेकांजवळ होतो, मित्रांनो. मधे नुसती कापल्याची रेघ.

तिसऱ्या दिवशी शितं वाळली आणि मी खाली पडलो. रणजीतने उचललं. "आई, साइज जुळत नाही गं. कॉम्प्युटरवर जोडून देतो. नंतर."

ते नंतर अजून आलेलं नाही. माझा वरचा तुकडा कुठल्या पाकिटात गेला, त्याला आठवत नाही. मी पुन्हा ट्रंकेत आहे. चांगुणाबाई मला काढतात, पुसतात, पण आता माझ्यात पुतळाभोवती त्यांना स्वतःचे हात तेवढे दिसतात.

माझं मागणं लहान आहे. कुठलाही फोटो कापण्याआधी तो उलटून बघा, आणि ज्याचा आहे त्याला विचारा, यात कोण कोण आहे.

पुतळा अजून वर बघते आहे. तिथे आता कड आहे.