वरच्या वस्तीचं चाक

मतमोजणी संपली की आमच्या गावात पहिलं काम एकच, हरलेल्यांचं पाणी तोडायचं. राजधानीत त्या काळी सरकारं पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळत. आम्हाला त्याचं फारसं सोयरसुतक नसे. आमचं राजकारण पंपघरातल्या दोन लोखंडी चाकांपुरतं. एक चाक उघडलं की वरच्या वस्तीला पाणी, दुसरं उघडलं की आम्हा खालच्यांना. नदी आटत गेली तसा ती चाकं फिरवणाऱ्याचा जीव स्वस्त झाला. आधीच्या निकालाच्या दिवशी दोन्हीकडच्या मारामारीत पंपवाला गेला. त्याच्या जागी आमचे हे लागले.

पुढच्या निवडणुकीचा निकाल भर दुपारी आला. वरच्या वस्तीचा ठेकेदार पडला, आमच्या वस्तीतली नर्सबाई निवडून आली. गल्लीत लोक डबे बडवत नाचत होते. मी शेगडीवरचं तसंच टाकून पंपघराकडे धावले.

"वहिनी, चप्पल तरी घाल!" नणंद मागून ओरडली.

दारात आमच्याच वस्तीची पोरं, हातात सळया. "काका, वरचं चाक बंद करा!"

आत हे चाकाला टेकून उभे, चेहरा पांढराफटक. वरच्या रस्त्याने काठ्या घेतलेल्या माणसांनी भरलेला ट्रक उतरत होता. चाक बंद केलं तर ट्रकवाले मारणार, नाही केलं तर ही पोरं. मी आत घुसू पाहत होते, पण कोणी वाट देईना.

तेवढ्यात नर्सबाई आली. अंगाने चांगली ऐसपैस, तिला वाट द्यावीच लागली. मी तिच्या पाठोपाठ शिरले. ती ह्यांना म्हणाली, "वरचं कुठलं? उघडं आहे ना?"

"आहे."

बाईने पांढरा कोट सावरला आणि त्या चाकावरच बैठक मारली.

"बाई, उठा!" पुढचा पोरगा ओरडला.

"जन्मलास तेव्हा पाय धरून उलटा टांगला होता मी तुला, तरी तोंडातून आवाज फुटेना. आता बरा फुटला!"

"पण आपण जिंकलोय!"

"मग? आज वरची पाळी, उद्या आपली. नसेल पटत तर उचला मला."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. ट्रक थांबला. ठेकेदार माणसं घेऊन दारात आला आणि तिथेच थबकला. ज्या चाकासाठी भांडायला आला, त्यावर जिच्याशी भांडायचं तीच बाई बसलेली.

"या भाऊ," ती म्हणाली. "उद्या खालच्या चाकावर तुम्ही बसायचं."

"बसेन हो. पण माझं वजन कुठे एवढं?"

त्याचीच माणसं आधी हसली. मग आमची.

हे बाहेर आले. मी भर रस्त्यात ह्यांचे दंड, पाठ, डोकं चाचपून पाहिलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"अगं, चाकाची दांडी वाकली असणार," हे कळवळून म्हणाले. "चांगली दांडी होती!"

मला असं हसू फुटलं की रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. हसता हसता कधी रडू लागले कळलं नाही. हे शेजारी बसून राहिले, दांडीचंच बोलत. मी म्हटलं, बोला, अजून बोला.