डुक्कर फियाटचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. देवापुढचा नाही, आणि साहेबांच्या गाडीच्या टपावरचाही नाही. मुलुंडला एका चाळीच्या जिन्याखाली डुक्कर फियाट उभी असते, तिच्या डॅशबोर्डात मी बसलोय, वाटाण्याएवढा. माझं काम उलटं. गाडी बॅटरी चार्ज करत नसली की मी लागायचं, सगळं ठीक असलं की विझायचं. त्यामुळे तीस वर्षं माझं कौतुक झालं नाही. विझलेल्याकडे कोण बघतो?

गाडी मूळची घाटकोपरच्या एका डॉक्टरांची. सहदेव त्यांचा ड्रायव्हर. डॉक्टर थकले तेव्हा त्यांनी गाडी त्यालाच देऊन टाकली. घरी आणल्यावर सहदेवने पहिल्यांदा माझी काच पुसली, थुंकी लावून.

तेव्हा गाडीत वीज बनवायला डायनॅमो होता. गाडी हळू चालली की त्याचा जीव जायचा, हेडलाइट पिवळे पडायचे. पंच्याऐंशी साली सहदेवच्या डोक्यात बसलं, गणपतीला गाडी घेऊन गावी जायचं, कशेडी घाटातून. भांडुपचा इलेक्ट्रिशियन भीमराज त्याचा दोस्त. त्याने डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला.

"दादा, हा दुप्पट करंट देतो," भीमराज म्हणाला. "वायर जाड टाकायला लागेल. ही कापड गुंडाळलेली जुनी वायर जळेल."

"गणपती परवावर आलेत रे. आल्यावर टाकू."

"आल्यावर तू तोंड दाखवत नाहीस, माहितीये मला."

घाटात काय उजेड पडला होता, मित्रांनो. सहदेव गात होता. परत आल्यावर आठव्या दिवशी तो जिन्यात छातीवर हात ठेवून खाली बसला, तो उठलाच नाही. वायर राहून गेली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी त्याची बायको शेवंती हात जोडून म्हणाली, "गाडी विकणार नाही. आहे तशी ठेवीन, कोणाला हात लावू देणार नाही." लगेच कावळा शिवला. मी तिथे नव्हतो, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

पुढे अल्टरनेटरमधला एक डायोड गेला. डायोड म्हणजे करंटचा दारवान, गेलेल्याला मागे फिरू देत नाही. तोच गेल्यावर बॅटरीतला करंट उलटा फिरला आणि चावी नसतानाही मी मंद लागायला लागलो. तिन्हीसांजेला शेवंती सीट झटकायला आली. दार उघडलं, मला बघितलं आणि तशीच उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली. "आलात?"

मला तोंड असतं तर सांगितलं असतं, मी तो नाही, डायोड गेलाय. पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ती रोज यायला लागली. नळाला पाणी कधी आलं, डाळीत मीठ कसं जास्त झालं, सगळं माझ्याजवळ. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्याकडे बघत होतं, आणि तेसुद्धा दुसऱ्याच्या नावाने.

बॅटरी चार दिवसांत उतरायची. भीमराज येऊन दुसरी बॅटरी जोडायचा, इंजिन चालू करून द्यायचा.

"वहिनी, डायोड गेलाय. खोलू द्या ना."

"नको. कावळ्याला शब्द दिलाय."

"आमच्यात कावळ्याचं काही नसतं. पण वायर सगळ्यांची सारखीच जळते."

"तू आपला ये, चालू कर आणि चहा पिऊन जा."

उतरलेली बॅटरी हावरटासारखी करंट ओढते. तो सगळा त्या जुन्या वायरीतून, माझ्या पाठीमागून जायचा. मला चटके बसत होते. सांगणार कोणाला?

एका बुधवारी इंजिन चालू होतं. भीमराज बॉनेटमध्ये वाकलेला, शेवंती आत बसलेली. डॅशबोर्डमधून धुराचा बारीक वास आला. शेवंती हसली.

"भीमराज, इकडे ये. हे बिडी ओढतायत."

भीमराज आला. आत डोकं घालून वास घेतला. हळूच म्हणाला, "वहिनी, दादा गाडीत बिडी ओढायचा?"

तिचं हसू गेलं. "गाडीत नाही. डॉक्टरांची गाडी म्हणून खाली उतरायचे. पावसातसुद्धा." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "मग हे काय जळतंय?"

"आल्यावर टाकू म्हणाला होता, ते."

शेवंतीने स्वतःच चावी बंद केली. "खोल," म्हणाली.

भीमराजने बॅटरी काढून बाहेर फरशीवर ठेवली. वायर ओढली तर कापड काळं, आतलं तांबं उघडं. आणखी दोन बुधवार गेले असते तर गाडीबरोबर चाळीचा जिनाही पेटला असता. डायोड बदलला आणि नवीन जाड वायर ओवायला तो गाडीखाली गेला. शेवंती माझ्याजवळ वाकली.

"अहो, बदलून घेतेय. शब्द मोडला म्हणून रागवू नका."

तेव्हा मी लागलो. बॅटरी चार हात लांब, गाडीत करंटचा थेंब नाही. पापणी लवेपर्यंतच लागलो आणि विझलो. कशाने, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. शेवंतीने भीमराजला सांगितलं नाही.

आता शेवंती स्वतः गाडी चालवते. चावी फिरवली की मी लागतो, इंजिन चालू झालं की विझतो. मी विझलो की ती म्हणते, "चला." मगच निघते.

तर मित्रांनो, लाल दिवा लागला तर हात जोडत बसू नका. गाडी थांबवा, वायर बघा, आणि जुनी वायर आल्यावर टाकू म्हणू नका. आधी बॅटरी काढा. त्यानंतरही मी लागलोच, तर मात्र घाबरू नका. दोन शब्द बोला माझ्याशी.