किरणबाबाची तपासणी

गोटुलासमोरच्या, म्हणजे गावाच्या सभाघरासमोरच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मोहाच्या झाडावर पोरं लटकली होती. मधोमध वाघाच्या कातड्याचा छाप असलेल्या सतरंजीवर किरणबाबा बसला होता. एका हातात मोरपिसांचा कुंचा, दुसऱ्या हातात डब्याएवढं यंत्र. यंत्र अधूनमधून 'टिक... टिक' करायचं आणि बाया हात जोडायच्या.

"दूर देश में अणुभट्टी चालू हाय, बच्चा!" बाबा गरजला. "उसकी किरण हवा में उडके आती है, अन् गरिबाच्याच हाडात बसती है! डॉक्टरले दिसत नाई, मले दिसते!"

"गरिबाच्याच काऊन?" हर्षाच्या तोंडून निघून गेलं.

शेजारच्या म्हातारीनं तिला कोपरानं ढोसलं. "चूप बस ना वो. बाबाजी कोपतीन."

हर्षा याच गावात वाढलेली. तिची आई केसरबाई इथल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन हर्षा एका अणुवीज केंद्रात किरणोत्सार मोजायच्या कामावर लागली होती. सुट्टीत घरी आली, तेव्हा आईनं आधी गावातल्या रंजीताची गोष्ट सांगितली. रंजीताला सिकलसेल हा रक्ताचा आजार. गोळ्या सुटल्यापासून पोरगी सांधे धरून विव्हळत होती आणि तिची आई मंगली दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती. गोळी किरणांना ओढून घेते, असं बाबानं सांगितलं होतं.

आता बाबानं रंजीतालाच पुढं बोलावलं. तिच्या गुडघ्यावर कुंचा टेकवला, यंत्र जवळ नेलं. कढईत लाह्या फुटाव्यात तसं यंत्र तडतडलं. "अरे बापा!" अंगणभर आवाज उठला. बाबानं मंगलीकडून एक बकरी कबूल करून घेतली, पोरीच्या हातात तांब्याचं कडं चढवलं आणि कुंचा पाठीमागं नेला. यंत्र शांत झालं. "बरं वाटते," रंजीता पुटपुटली.

हर्षा मात्र विचारात पडली. यंत्र तिच्या ओळखीचं होतं, किरणोत्सार मोजायचं मीटर. ते खोटं नव्हतं. खरं मीटर तडतडलं म्हणजे तिथं काहीतरी किरणोत्सारी खरंच होतं. पण गुडघ्यातलं किरण मनगटातल्या कड्यानं थांबतं, हे ती कुठंही शिकली नव्हती. मग ते होतं कुठं?

ती उठली. "पत्रूभाऊ, मी सभेत एक विचारू का?"

पत्रू गावच्या ग्रामसभेचा जुना जाणता. "गोटुलात विचाराले मनाई कोणाले हाये? विचार."

"आपल्या तेंदूपत्ता खरेदीच्या फळीवर पानांचे पुडे तपासणारा स्वतःचे पुडे विकते का?"

"कसा विकन? तसा ठरावच हाये. नाईतं आपलाच सडका पत्ता पास करून टाकते ना!"

"मग इथी बाबाच तपासते अन् बाबाच कडं देते, हे कसं चालते? आमच्याकडे भट्टी चालवणारे वेगळे, अन् बाहेरून तपासाले येणारे वेगळे. ते बंद करा म्हणाले तं भट्टी बंद!"

चार माणसं हसली. बाबा लाल झाला. "पोरी, जहां सायन्स खतम, वहां से हम शुरू!"

"मग होऊ द्या सुरू. आमच्या केंद्राच्या फाटकातून मोठा साहेब निघो का झाडूवाला, आधी त्याचे हात तपासतात. तुमचे दाखवा."

"साधूच्या अंगाले बाई हात लावत नाई!"

"मग मी लावतो. आना ते यंत्र," म्हणत पत्रूभाऊंनी ते काढूनच घेतलं.

रिकाम्या हाताशी नेलं: टिक... टिक. कुंच्याच्या हाताशी नेलं: तडतडतड! हर्षानं कुंचा खाली ठेवायला लावला. हात गप्प झाला, कुंचा तडतडतच राहिला.

"बाबाच्या मोरालेच किरण लागली वो!" झाडावरून कोणीतरी ओरडलं आणि अंगण हसून हसून लोटपोट झालं.

हर्षानं कुंच्याच्या मुठीवरचं लाल फडकं सोडलं. आत घडी घातलेल्या पांढऱ्या जाळ्या.

"हे तं पेट्रोमॅक्स बत्तीच्या जाळ्या!" पत्रूभाऊ म्हणाले. "रातच्या दंडारीच्या नाटकात आमी ह्याच बांधत होतो."

"हो भाऊ. जुन्या जाळ्यांत थोरियम असायचं. ते किरणोत्सारी, म्हणून मीटर तडतडते."

"अन् हे धीरं धीरं टिकटिक?"

"ती सगळीकडेच असते. जमिनीतून, आभाळातून, आपल्या अंगातूनही. तेवढ्यानं भ्यायचं काही कारण नाई."

सगळे हसत होते, मंगली नव्हती. "मंग माह्या पोरीच्या हाडात काय हाये?"

"हाडात किरण नाई, मंगलीबाई. तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, म्हणून दुखते. हे आईबापाकडून येते, कोणाच्या पापानं नाई. गोळीनं आवरते."

"पण कडं घातल्यावर बरं वाटते म्हणाली ना ते!"

रंजीतानं मान खाली घातली. "नाई वो आई. तुले बरं वाटावं म्हणून म्हणलं."

मंगलीनं पोरीच्या हातातलं कडं काढून बाबाच्या सतरंजीवर टाकलं आणि हर्षाला विचारलं, "गडचिरोलीची एसटी किती वाजता हाये?"

एसटीत मायलेकी बसल्या, तेव्हा बाबा ग्रामसभेनं बोलावलेल्या धानोऱ्याच्या पोलिसांची वाट पाहत सतरंजीची घडी घालत होता. पत्रूभाऊ त्याच्यावर नजर ठेवून होते.

अणुभट्टीची शंका घ्यायला काहीच हरकत नाही. ती जरूर घ्यावी. पण ज्या कडकपणे भट्टीला विचारतो, त्याच कडकपणे बाबालाही विचारावं. कोणी मोजलं? कशानं मोजलं? मोजणाऱ्याला त्यातून काय मिळतं? जो उत्तर देईल, त्याच्याशी खुशाल वाद घालावा. जो कोप दाखवील, त्याचे हात आधी तपासावेत.