अडकलेला कफ

श्वासोपचाराचं चार वर्षांचं शिक्षण संपवून माकणीची शिवप्रिया धाराशिवच्या एका खाजगी दवाखान्यात रुजू झाली, तेव्हापासून ती रणधीरच्या डोळ्यांत खुपत होती. आयसीयूतले व्हेंटिलेटर बारा वर्षं तोच सांभाळत आला होता, तेही पदवीशिवाय.

चौथ्या दिवशी व्हेंटिलेटरवर असलेल्या ईट गावच्या बब्रुवान आजोबांचं मशीन ठणाणा करू लागलं. ऑक्सिजन घसरत चालला होता.

"मशीनच जुनं हाय. अलार्म बंद कर अन् गप उभी राहा," रणधीर खेकसला.

शिवप्रियानं आजोबांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. डावीकडं हवा पोचतच नव्हती.

"कफ अडकलाय. सक्शन करते."

"हात लावलास तर उद्या इथं दिसायची न्हाईस!"

तिनं हातमोजे चढवले, आजोबांच्या श्वासाच्या नळीत सक्शनची बारीक नळी घातली आणि घट्ट, काळपट कफ ओढून काढला. ऑक्सिजनचा आकडा हळूहळू चढला.

एवढ्यात डॉक्टर धावत आले. रणधीर लगेच म्हणाला, "मीच करायला लावलं, सर."

"खोटं बोलताय तुम्ही," शिवप्रिया सगळ्यांसमोर म्हणाली. "तुम्ही मला धमकी दिलीत."

डॉक्टर आजोबांना तपासू लागले. रणधीरनं तिच्याशी बोलणंच टाकलं आणि त्याच्याच हातात असलेल्या ड्युटीच्या तक्त्यातून तिची रविवारची सुट्टी खोडली. रविवारी ती वेळेवर हजर झाली.